चिलिकेचे समुद्रमुख : एका नैसर्गिक जलमार्गाचा इतिहास

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धक्का, गोदी आणि दीपगृह येते. पण बंदराचा खरा प्राण या तिन्हींत नसतो. तो असतो पाण्याखालच्या वाटेत. धक्का दगडाचा बांधता येतो, गोदाम वर्षभरात उभे राहते. परंतु जहाज आत येण्याजोगी खोल वाट समुद्राने बुजवली, तर धक्क्यावर गवत उगवते. आपल्या वडोदऱ्यापासून पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास असलेले खंबायत हे याचे जवळचे उदाहरण होय. इ. स. १३४२ मध्ये इब्न बतूता तेथे आला तेव्हा ते परदेशी व्यापाऱ्यांच्या हवेल्यांनी आणि मशिदींनी गजबजलेले शहर होते. पुढे महीच्या मुखाशी गाळ साचत गेला, मोठी जहाजे पलीकडे घोघ्याला थांबू लागली, माल लहान होड्यांतून आणावा लागला, आणि व्यापार हळूहळू सुरतेकडे वळला. कोकणातील राजापूरची कथाही याच जातीची. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेल्या त्या बंदराची खाडी आज गाळाने भरलेली आहे.

अशी एखादी वाट कशी जन्मते, कशी जगते आणि कशी मरणाला टेकते, हे समजून घेण्यासाठी ओडिशातील चिलिका सरोवराच्या समुद्रमुखाइतके बोधप्रद उदाहरण आपल्या देशात क्वचितच सापडेल. त्याचा मराठ्यांच्या इतिहासाशी संबंध आहे, आणि अगदी अलीकडे पुण्याजवळच्या खडकवासल्याशीही आहे. म्हणून हा विषय निवडला.

खाजण आणि त्याचे दार

किनाऱ्याजवळील उथळ समुद्राचा एखादा भाग वाळूच्या दांड्यामुळे मुख्य समुद्रापासून अलग पडला, की त्यास आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत खाजण म्हणतात. इंग्रजीतला शब्द लगून. दांडा पूर्ण बंद झाला तर आतले पाणी पावसाने व नद्यांनी गोडे होत जाते, किंवा उन्हाने आटून मिठागर बनते. पण दांड्यात एखादे खिंडार राहिले, तर भरतीबरोबर समुद्र आत येतो, ओहोटीबरोबर नद्यांचे पाणी बाहेर जाते, आणि आत ना पुरते खारे ना पुरते गोडे असे मचूळ पाणी राहते. मासळीच्या कित्येक जातींना असेच पाणी मानवते. या खिंडाराला समुद्रमुख म्हणावे.

हे मुख उघडे राहते ते कशाच्या बळावर? घरच्या मोरीचे उदाहरण घ्या. ज्या मोरीतून रोज भरपूर पाणी वाहते ती स्वच्छ राहते. जी वापरात नाही तिच्यात माती बसते. समुद्रमुखाचेही तसेच आहे. लाटा किनाऱ्यालगत वाळू ढकलीत असतात आणि मुख बुजवू पाहतात. भरती-ओहोटीचे व पुराचे पाणी जोराने ये-जा करून ती वाळू धुऊन काढते. या दोन शक्तींची रस्सीखेच बारा महिने चालते. वाळू जिंकली तर मुख मिटते, पाणी जिंकले तर उघडे राहते.

ओडिशाच्या किनाऱ्यावर वाळूचा जोर फार मोठा आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा किनाऱ्यावर तिरप्या आदळतात आणि वाळू ईशान्येकडे सरकवतात. एका वर्षात अशी सरकणारी वाळू दहा लाख घनमीटरांच्या घरात जाते. आणि समोर भरती मात्र बेताची. भावनगरजवळ भरती व ओहोटी यांच्या पातळीत दहा मीटरांहूनही अधिक फरक पडतो. चिलिकेच्या बाहेर तो दोन मीटरांच्या आसपासच असतो. म्हणजे झाडू लहान आणि कचरा मोठा, अशी तेथील स्थिती आहे.

याचा एक परिणाम ध्यानात ठेवावा, कारण पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे. वाळू एकाच दिशेने येत असल्यामुळे दांडा त्या दिशेने लांबत जातो आणि मुखाला पुढे ढकलतो. मुख जसे दूर जाते तसा सरोवरापासून समुद्रापर्यंतचा मार्ग लांबतो. लांब मार्गात पाण्याचा जोर घर्षणाने खर्ची पडतो. जोर कमी झाला की वाळू अधिक बसते, आणि वाळू बसली की मार्ग आणखी आखडतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. मोठा पूर किंवा वादळ येऊन दांडा फोडील, नाही तर माणूस तरी तो फोडील.

चिलिकेची रचना

चिलिका पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. लांबी सुमारे ६४ किलोमीटर; क्षेत्रफळ उन्हाळ्यात ९०० चौरस किलोमीटरांच्या जवळपास, तर पावसाळ्यात साडेअकराशेच्या पुढे. एवढा विस्तार असूनही पाणी उथळ. बहुतेक ठिकाणी उंच माणूस उभा राहू शकेल इतकेच. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी इत्यादी शाखा त्यात येतात आणि पाण्याबरोबर गाळही आणतात. पश्चिमेस पूर्व घाटाच्या टेकड्या आहेत. पूर्वेस वाळूचा लांबच लांब दांडा आणि त्याच्यापलीकडे बंगालचा उपसागर.

सरोवराच्या मुख्य भागातून पाणी एका अरुंद जागेतून बाहेरच्या वाहिनीत शिरते. त्या जागेचे नाव मगरमुख. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव विशेष आवडेल! मगरमुखापासून पुढे ही वाहिनी किनाऱ्याला समांतर, दांड्याच्या आतून, कोसच्या कोस जाते आणि मग समुद्राला मिळते. दक्षिण टोकाला पालूरचा कालवा आहे, पण तो अरुंद आहे; त्याने मुख्य मुखाची जागा कधी घेतली नाही.

नाखव्यांचे सरोवर

इ. स. च्या दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी याने पूर्व किनाऱ्यावरील पालूर या स्थळाचा उल्लेख केला आहे. तेथून गलबते किनारा सोडून खुल्या समुद्राने सुवर्णभूमीकडे, म्हणजे मलायाच्या बाजूस, निघत. हे स्थळ चिलिकेच्या दक्षिणेकडील पालूर असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. समुद्रमुखाजवळ माणिकपटना नावाचे गाव आहे. तेथील उत्खननात प्राचीन रोमन व्यापाराशी निगडित खापरे, चिनी भांड्यांचे तुकडे आणि सिंहली व चिनी नाणी मिळाली आहेत. एका खेड्याच्या मातीतून इतक्या देशांच्या खुणा निघाव्यात, यावरून त्या काळी समुद्राची वाट किती मोकळी होती याची कल्पना येते.

नाविकांना अशा ठिकाणी दुहेरी सोय असे. बाहेर वादळ असले तरी दांड्याच्या आत पाणी शांत. आणि आतल्या उथळ पाण्यातून होड्यांनी माल थेट गावोगाव नेता येई. त्या काळची गलबते फार खोल पाणी मागत नसत, म्हणून हे साधले. कार्तिकी पौर्णिमेला ओडिशात अजूनही लोक लहान लहान नावा पाण्यात सोडतात, आणि कटकला त्या दिवसापासून बालीयात्रा नावाची जत्रा भरते. दूरच्या सफरींची ती आठवण आहे.

येथे भाषेविषयी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. आपण मराठीत सहज ‘बंदर’ म्हणतो, तो शब्द फारसी. ‘मोसम’ हा अरबी ‘मौसिम’, आणि इंग्रजांचा ‘मान्सून’ही त्याचाच भाऊ. कोकणातील ‘नाखवा’ म्हणजे फारसीतील ‘नाखुदा’. नाव म्हणजे होडी, खुदा म्हणजे धनी, होडीचा धनी तो नाखुदा. समुद्रावर माणसे एकमेकांच्या धर्माची चौकशी करण्याआधी वाऱ्याची चौकशी करीत. म्हणूनच हे शब्द एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर गेले आणि तेथेच घर करून राहिले.

रक्तबाहूची कथा

चिलिकेच्या जन्माविषयी ओडिशात एक दंतकथा सांगतात. रक्तबाहू नावाचा राजा मोठे आरमार घेऊन पुरी लुटायला आला. गुप्तपणे हल्ला करावा म्हणून त्याने जहाजे किनाऱ्यावरून दिसणार नाहीत इतकी दूर उभी केली. पण जहाजांतून टाकलेला केरकचरा भरतीने किनाऱ्यावर आणला. लोकांनी ओळखले आणि ते गाव सोडून निघून गेले. ओस नगरी पाहून रक्तबाहू समुद्रावरच संतापला व त्याच्यावर चालून गेला. समुद्र आधी मागे हटला, मग उसळून परतला आणि सारी सेना बुडवली. जमिनीवर आलेले ते पाणी म्हणजेच चिलिका.

इतिहास म्हणून या कथेला आधार नाही. भूगर्भाच्या अभ्यासाप्रमाणे काही हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी चढून स्थिरावली आणि मग वाळूच्या दांड्याने उपसागराचा एक कोपरा वेगळा केला. तरी कथेतील एक गोष्ट लोकांच्या अनुभवातून आलेली दिसते. हे सरोवर समुद्राने दिले आहे आणि समुद्रच ते घेऊ शकतो, हे त्या किनाऱ्यावरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

मराठ्यांचा अंमल आणि मुखाची नाकेबंदी

आपल्याकडे गायकवाड सेनाखासखेल गुजरातेत पाय रोवीत होते, त्याच सुमारास नागपूरचे सेनासाहेबसुभा रघूजी भोसले पूर्वेकडे बंगालवर स्वाऱ्या करीत होते. इ. स. १७५१ च्या तहाने नबाब अलिवर्दीखानाने ओडिशाचा प्रदेश त्यांच्याकडे सोडला आणि बंगालच्या चौथाईबद्दल सालिना बारा लाख रुपये कबूल केले. या कामी भोसल्यांचा मोठा आधार होता मीर हबीब, मूळचा इराणी. तहानंतर ओडिशाचा कारभार त्याच्याकडे आला. पण पुढल्याच वर्षी तो मारला गेला. नंतर शिवभट साठे यांच्यासारखे सुभेदार कटकहून राज्य पाहू लागले. अशा रीतीने चिलिका सुमारे अर्धशतक मराठी अमलाखाली राहिले.

दक्षिणेकडून जगन्नाथपुरीला येण्याची वाट चिलिका आणि समुद्र यांच्यामधील वाळूच्या पट्ट्यावरून जाई, आणि तिच्या आड येई ते हे समुद्रमुख. यात्रेकरूला तेथे नावेची गरज, आणि लष्करालाही. म्हणून समुद्रमुख म्हणजे ओडिशाचे दक्षिणद्वारच होते. दुसऱ्या मराठा-इंग्रज युद्धात, सप्टेंबर १८०३ मध्ये, लेफ्टनंट कर्नल हारकोर्टची फौज गंजामहून निघून याच पट्ट्यावरून आली. मुखाच्या पैलतीरावर थोडे सैन्य आणि काही तोफा ठामपणे उभ्या राहिल्या असत्या, तर नावांवाचून फौजेला ते पाणी ओलांडणे अवघड गेले असते. पण मालूदचा मराठ्यांचा फौजदार फत्तेह महंमद इंग्रजांना अनुकूल झाला. त्याबद्दल त्याला पुढे मालूदची करमाफ जहागीर मिळाली. माणिकपटना प्रतिकाराशिवाय पडले. १८ सप्टेंबरला पुरी आणि १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी हा प्रांत सोडला.

पन्नास वर्षांच्या या अमलाचा आरंभ मीर हबीबच्या निष्ठेने झाला आणि शेवट फत्तेह महंमदाच्या फितुरीने. दोघांचा धर्म एकच होता. निष्ठा आणि फितुरी यांची विभागणी जातिधर्मावरून करू नये, असा धडा शाळेत इतिहास शिकवताना यावरून द्यावासा वाटतो. भूगोलाचा धडा वेगळा आहे : ज्या वाटेची राखण होत नाही, ती वाट असून नसल्यासारखी.

मुख आखडत गेले

इ. स. १७८० च्या सुमारास समुद्रमुख सुमारे दीड किलोमीटर रुंद होते, अशी नोंद आहे. चाळीस वर्षांनी ते त्याच्या निम्मे उरले. पोटावर पाय आला तेव्हा मच्छीमारांनी सरकारची वाट पाहिली नाही. ते वेळोवेळी वाळूत चर खणून समुद्राला वाट करून देत. त्यांच्याजवळ ना नकाशे होते ना यंत्रे. पण मुख मिटले तर मासळी मिटली, एवढे शास्त्र त्यांना पुरेपूर येत होते.

मोठ्या जहाजांची ये-जा मात्र संपली. एकीकडे वाट उथळ झाली, दुसरीकडे जहाजे मोठी होऊन अधिक खोल पाणी मागू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रेल्वे सरोवराच्या पश्चिम काठाने धावू लागली आणि माल तिकडे वळला. जलमार्ग उरला तो होड्यांचा आणि माशांचा.

माशांचा मार्ग, हे शब्द अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. चिलिकेतील कित्येक मासे, कोळंबी आणि खेकडे आयुष्याचा काही काळ समुद्रात व काही काळ सरोवरात काढतात. पिल्ले भरतीबरोबर आत येतात, वाढतात आणि अंडी घालण्यासाठी बाहेर जातात. मुख हा त्यांचा रस्ता आहे. तो अडला की जाळे कितीही मोठे असो, रिकामेच वर येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुखाची स्थिती अशीच झाली. नद्यांच्या गाळाने सरोवर भरत होते. वाहिनी लांबली होती, मुख चिंचोळे झाले होते. पाणी गोडसर होऊन पाणवनस्पती माजल्या. कोळंबीसाठी घातलेल्या ‘घेरी’, म्हणजे बांधांनी व जाळ्यांनी अडवलेली कुंपणे, यांनी पारंपरिक मच्छीमारांची जागा व्यापली. त्यातून कलह पेटला; मे १९९९ मध्ये सोराना येथे आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार होऊन चार माणसे मरण पावली. इ. स. १९८५-८६ मध्ये सुमारे ८,६०० टन मासळी देणारे सरोवर १९९८-९९ मध्ये सुमारे १,७०० टनांवर आले. काठावरील दीड लाखांहून अधिक लोकांचे पोट या पाण्यावर होते. इ. स. १९८१ मध्ये रामसर कराराच्या यादीत मानाने गेलेले चिलिका १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या यादीत नोंदले गेले.

खडकवासल्याचा अभ्यास आणि नवे मुख

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा आहे. मुंबई सरकारने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी सुरू केलेल्या शाखेतून ती वाढली. नद्या, बंदरे आणि किनारे यांच्या प्रतिकृती करून त्यांवर पाण्याचे वर्तन पाहणे, हे तिचे काम. चिलिकेच्या प्रश्नाचाही अभ्यास येथे झाला. मुख कोठे फोडले असता भरती सर्वांत जोमाने आत येईल, सरोवराच्या खारेपणावर काय परिणाम होईल आणि किती वाळू सरकेल, याची गणिते मांडली गेली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही चिलिकेच्या पाण्याचा अभ्यास केला.

त्यानंतर २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडा येथे दांडा खणून नवे मुख उघडण्यात आले. त्यामुळे समुद्रापर्यंतचा मार्ग सुमारे १८ किलोमीटरांनी कमी झाला. आधी सांगितलेले दुष्टचक्र आता उलटे फिरले. मार्ग आखूड झाला म्हणून भरतीचा जोर वाढला. जोर वाढला म्हणून वाहिनीतला गाळ धुतला गेला. खारे पाणी पुन्हा आत खेळू लागले आणि गोड्या पाण्यातील वनस्पती हटू लागल्या. इ. स. २००१-०२ मध्ये मासळीचे उत्पन्न १२,००० टनांच्या जवळ पोहोचले. इरावती जातीचे डॉल्फिन, ज्यांची संख्या चिलिकेत दीडशेच्या आसपास मोजली जाते, पुन्हा मोठ्या क्षेत्रात वावरू लागले. २००२ मध्ये धोक्याच्या यादीतून चिलिकेचे नाव निघाले. आशिया खंडात असे नाव निघालेले ते पहिलेच स्थळ. त्याच वर्षी रामसर पुरस्कारही मिळाला.

मात्र येथे ‘आणि मग सारे सुखी झाले’ असे लिहून पाठ संपवता येत नाही. माणसाने खणलेल्या मुखालाही वाळूचा नियम लागू आहे. तेही ईशान्येकडे सरकू लागले. २००८ मध्ये जवळच गबकुंडा येथे समुद्राने आपण होऊन दुसरे मुख फोडले. मुख खोलच राहील असे कोणी वचन देऊ शकत नाही. त्याची मोजणी, गाळ काढणे आणि नद्यांच्या पाणलोटात जंगल राखणे ही कामे चालूच ठेवावी लागतात. शिवाय मुख उघडल्याने मासळी वाढली तरी ती कोणाच्या जाळ्यात जावी हा प्रश्न उघडलेल्या मुखाने सुटत नाही. तो माणसांनी न्यायाने सोडवावा लागतो.

आपल्यासाठी विचार

केरळात १३४१ च्या महापुराने कोचीचे मुख उघडले, असे इतिहास सांगतो. पुढे त्या मुखाबाहेरच्या वाळूच्या बांधामुळे मोठी जहाजे आत येत नव्हती. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो बांध खोदला गेला आणि १९२८ मध्ये जहाजे आतल्या बंदरात शिरली. कोचीला निसर्गाने दिले व माणसाने टिकवले. खंबायतीला निसर्गाने दिले व गाळाने नेले. चिलिका या दोहोंच्या मध्ये उभे आहे.

आणि आपण? आपल्या समा भागाजवळून वाहणारी विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंबायतच्या आखातात जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे पाणी वडोदऱ्याच्या कित्येक वस्त्यांत, आपल्या समा भागातही, शिरले. पाऊस मोठा होता हे खरे. परंतु पाण्याला जाण्याची वाट रुंद व मोकळी असणे किती महत्त्वाचे, हे त्या दिवसांत लहान मुलांनाही कळले. नदीच्या काठची ओतण, ओढ्यातला कचरा, पात्रात सरकणारी भिंत हे आपल्या शहरातले वाळूचे दांडेच समजावेत. ते एका रात्रीत तयार होत नाहीत. म्हणूनच डोळ्यांवर येत नाहीत.

घरातील मुलांनी या लेखाबरोबर भारताचा नकाशा उघडावा. खंबायत, राजापूर, कोची आणि चिलिका ही चार ठिकाणे शोधावीत. मग एका पसरट ताटात वाळूचा दांडा करून त्यात लहान फट ठेवावी, आत पाणी ओतावे आणि ते फटीतून कसे निघते ते पाहावे. नंतर फट न बुजवता तिच्यापुढे वाळूची लांब वाकडी नाळ करून पुन्हा पाणी ओतावे. कोणत्या वेळी वाळू धुतली जाते आणि कोणत्या वेळी बसते, हे वहीत लिहून ठेवावे. चिलिकेच्या कोळ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी फावडे का उचलले, याचे उत्तर त्या वहीत आपोआप उतरेल.